काखेतली चुणी

आडनाव परीट, म्हणून एजंट निश्चिंत होता.
व्हिसावर त्याने लिहून टाकलं: प्रेसमन.
इस्त्री येते का, हे कुणी विचारलंच नाही.

मी आयटीआयचा वायरमन, राहणार कागल.
घरी कोळशाची इस्त्री होती, पितळी,
पण आण्णांनी मला तिला हात लावू दिला नाही कधी.
"तू पुस्तकं धर," म्हणायचे,
आणि राख झाडायला परसात जायचे.

सोहारला, मासळी बाजारामागच्या गल्लीत,
दुकानाच्या आतल्या खोलीत एसी गळतो, खाली बादली.
सरफराज बुरोंडकर, गाव बाणकोट,
बावीस वर्षं त्याच टेबलापाशी उभा.
"परीट, नि इस्त्री येत नाय?"
आणि त्याला हसू फुटलं;
पण आधी त्याने हातातली इस्त्री उभी केली,
मग पोट धरलं.
पहिला धडा तिथेच झाला होता. मला उशिरा कळला.

त्या दिवशी काहीच तापवायचं नव्हतं.
थंड इस्त्री, फाटकी चादर. नुसतं ढकल.
"मनगटाने नको, खांद्याने. बटणांना वळसा घाल."
मी मात्र आधी वायर पाहिली.
मुठीपाशी वेष्टण सोललेलं,
आतून तांबं डोळा मिचकावत होतं.
प्लग काढला, तुकडा कापला, नवी वायर बसवली.
तेवढं एकच मला येत होतं.
सरफराज गप्प झाला. मग चहा मागवला, दोन.

दुसऱ्या दिवशी गरम.
"बोट नाय लावायचा. थेंब टाक.
नुसता पसरला, तर थांब. नाचला, तर सुती घे.
टेरीकॉट आधी, सुती मागून.
ओल्या हाताने प्लग नाय.
फोन वाजला तर पहिली इस्त्री उभी, मग बायको.
निजवू नको तिला.
ती निजली की कापड मरतं."

दिशदाशाच्या गळ्याशी एक गोंडा लोंबतो,
अत्तर लावायचा.
तो डाव्या हाताने बाजूला धरायचा,
आणि डावा कुठे आहे
हे उजव्याला ठाऊक हवं.
माझा उजवा एकदा विसरला.
जून महिना, नळाचं पाणीही कढत;
सरफराजने प्यायच्या बाटल्या ओतल्या करंगळीवर,
एकामागून एक, घड्याळ बघत.
टूथपेस्ट आणणाऱ्याला हाकलून दिलं.

घरी मी सांगितलं होतं: इलेक्ट्रिकचं काम आहे.
तसं पूर्ण खोटं नव्हतं ते.

गुरुवारची रात्र. शुक्रवारच्या नमाजाचे
एकशे दहा पांढरे कपडे टांगून झाले होते.
आण्णांचा व्हिडिओ कॉल.
इस्त्री उभी केली, प्लग काढला,
आणि फोन उचलताना पाठीमागची रांग विसरलो.

आण्णा बोलेचनात.
वाटलं, रेंज गेली.
मग चष्मा कपाळावर, नाक पडद्याला:
"डावीकडनं तिसरा. काखंत चुणी ऱ्हायलिया बघ."

वळून पाहिलं. होती.

"पाणी मार जरा. बाही उलटी करून घे."
मग थोड्या वेळाने,
"तिकडं कोळसा कुठनं आणत्यात रं?"
"कोळसा नसतो, आण्णा. करंट असतो."
"हं," म्हणाले. "मंजे राख न्हाई."

पुढे कुणीच काही बोललं नाही, फोनही ठेवला नाही.
मी तो बादलीच्या कठड्याला टेकवला.
तिसरा कपडा खाली काढला,
बाही उलटी केली, पाणी मारलं.
ते बघत होते.
हात पुसले आधी, कोपरापर्यंत.
मग प्लग.