कार्ड नंबर चौदा

जुलै. मिशिगन. वसतिगृहाचा तिसरा मजला.
गाद्यांना प्लास्टिकचं अस्तर,
कूस बदलली की खोलीभर चुरचुर.
सकाळी सातला कॉरिडॉरमध्ये आम्ही बावीस जण
भिंतीकडे तोंड करून,
दातांत पेन आडवं धरून,
मोठमोठ्यानं वाचतोय :
उपसा, अनुदान, भूजल, उपसा.
लाळ हनुवटीपर्यंत.
मग कॉर्विन ओरडतो, पेनं काढा!
आणि जीभ अशी सुटते
की तिला हाड नाही हे पहिल्यांदाच पटतं.

या उन्हाळ्याचा विषय जमिनीखालचं पाणी.
उपशावर सरकारनं मर्यादा घालावी की घालू नये.
दोन्ही बाजू आमच्याच.
नाणं उडवायचं. छापा आला तर तहान लागते,
काटा आला तर लागत नाही.

माझी जोडीदार ट्रेसा ड्राइलिंग, पश्चिम कॅन्ससची.
तिच्या गावाचं नाव पहिल्या आठवड्यात मी दोनदा विचारलं.
तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.
रात्री दीड वाजता तळघरातल्या लॉन्ड्रीत
ड्रायरच्या उबेला पाठ लावून
आम्ही पुरावे कापत बसायचो,
ती चिप्सचं रिकामं पाकीट घडी घालून घालून
पोस्टाच्या तिकिटाएवढं करायची.
घरचं फारसं बोलायची नाही.
मीही माझ्या डेट्रॉइटचं कुठं बोललो?

शुक्रवारी चौथी फेरी. रसायनशास्त्राची इमारत,
भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता, सिंकचा नळ ठिबकणारा.
काटा पडला. आम्ही विरोधात.
समोर अटलांटाची दोन मुलं, शर्ट इस्त्रीचे.
त्यांचं कार्ड नंबर चौदा :
गाव ओस्टर, लोकवस्ती चारशे बारा,
मेपासून नळ कोरडे, शाळेच्या मैदानात टँकर.
नऊ सेकंदांत वाचून झालं.
ट्रेसाचं लाल पेन मध्येच थांबलं.
कुठं पाणी मुरतंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं,
पण मी घड्याळ बघत होतो.

ती उठली.
कार्ड चौदा, म्हणाली, ऊस्टर.
एक गाव म्हणजे कल नव्हे.
चारशे बारा माणसं विरुद्ध अख्ख्या देशाचा गहू, तोलून बघा.
लोक दुसरीकडे जाऊ शकतात, जातातही.
पुढचा मुद्दा.
एका श्वासात, न अडखळता,
तिनं चारशे बारा माणसांवर पाणी सोडलं
आणि पान उलटलं.

आम्ही जिंकलो.
परीक्षक बाईंनी निकालपत्रावर लिहिलं होतं :
दुसरी वक्ती उत्तम. तुलना निर्दय आणि अचूक.
गावाच्या नावाचा उच्चार मात्र तपासून घ्यावा.

जिन्यात उभं राहून मी ते वाचलं
आणि पहिल्या आठवड्यातलं तिचं उत्तर आठवलं,
दोन्ही वेळचं.
ऊ. ऊस्टर. आम्ही असंच म्हणतो.

भोजनगृहात ती रांगेत पुढं होती.
यंत्राखाली ग्लास धरला, बर्फ पडला,
पाणी काठावरून तिच्या मनगटावर आलं
तरी तिनं बोट बटणावरून काढलं नाही.
मागचा मुलगा म्हणाला, झालं का?
मी काहीतरी बोलणार होतो.
माझ्याकडे तेव्हा कुठल्याच बाजूचं कार्ड नव्हतं.

रात्री ती फोनवर, खिडकीकडे तोंड करून.
हो बाबा, जिंकलो.
पाण्यावरच.
नाही. उलट बाजूनं.
मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती.
पलीकडून हसू आलं की खोकला, कळलं नाही.
टँकर कधी येतो आता? तिनं विचारलं,
आणि उत्तर निळ्या शाईनं तळहातावर लिहून घेतलं,
जसं आम्ही सगळंच लिहून घेतो.

सकाळी सात. भिंत. बावीस जण.
ट्रेसा माझ्या शेजारी, दातांत पेन,
कार्ड नंबर चौदा वाचतेय, पुन्हा पहिल्यापासून.
मी कान देऊन ऐकतो.
तोंडात पेन असलं की
ओ आणि ऊ
सारखेच ऐकू येतात.