सतरा नंबरचा खांब

रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी वीज जाते
आणि सगळं चोडण एका आवाजात "आयो!" म्हणतं.
मी तेवढी हसते.
चपला न शोधता, भिंतीला हात लावत
संच उचलून सोप्यावर येते.

विजेचा गोंगाट तुम्हांला नाही कळायचा.
चार्जर किरकिरतात, दिवे दात खातात,
केंकऱ्यांचा इन्व्हर्टर एका सुरात कण्हत असतो.
कानाला यातलं काही येत नाही.
एकतीस मीटरला येतं.

(इन्व्हर्टर अजून चालूच आहे म्हणा.
पण एकट्या केंकऱ्यांना मी सोसते.)

तार साठ हात, आंब्यापासून माडापर्यंत.
नारळ पाडायला चढलेल्या सुकूरकडून बांधून घेतली.
"कपडे वाळत घालायला एवढी उंच?" म्हणाला.
तारेपलीकडे खाजन, भरतीचं खारं पाणी.
मिठाच्या पाण्यावरून लहर चांगली सरकते म्हणतात.
मला वाटतं फेरीबोटीसारखीच येत असेल,
तिरकी,
धक्का जरासा चुकवून.

बटण केसभर फिरवायचं. श्वास धरून.
कुणी बाई आकडे वाचते आहे, पाच पाचचे गट,
भाषा ठाऊक नाही पण तिचं शून्य मी ओळखते,
शून्यापाशी ती किंचित दमते.
तिच्या शेजारी प्रवचन. त्याच्यावर चढून बसलेलं अ‍ॅकॉर्डियन.
मग कुठल्याशा समुद्रातल्या गलबतांना वाऱ्याचा इशारा,
इतक्या गंभीरपणे दिलेला
की मी उठून वाळत घातलेली सोलं आत घेतली.

मागच्या मार्गशीर्षात पट्ट्यावर लाह्या फुटू लागल्या.
दव पडलं की जास्त.
छोटा संच छातीशी धरून मी बांधावरून चालत गेले,
प्रत्येक खांबाखाली थांबत, मागून तीन कुत्री.
शाळेच्या प्रयोगशाळेतली बाई कामातून गेली,
हे दुसऱ्या दिवशी पोदेराने घरोघरी पावासोबत वाटलं.
सतराव्या खांबाखाली नुसत्या लाह्याच लाह्या.
वीजखात्याचा सगुण आला. संच कानाला लावला,
पोटातलं पोर ऐकावं तसा.
"पिन इन्सुलेटर तडकला. मीठ बसलां ताचेर."
आयुष्यभर वीज पुरवणाऱ्या माणसाने
तिची तक्रार पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकली.
तेव्हापासून लाइन बंद करायची असली
की आधी मला मिस्ड कॉल.
दोन रिंगा. गावात कुणाला सांगू नका.

एका लांबच्या स्टेशनला मी रिपोर्ट धाडला होता:
तारीख, वेळ, तीन चार तीन तीन तीन,
पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे देव जाणे.
पुराव्याला कॅसेट,
संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, अकरा मिनिटं.
सात महिन्यांनी कार्ड आलं.
बर्फाचा डोंगर, शिक्का, सही,
आणि कोपऱ्यात निळ्या शाईत, तुटक इंग्रजीत:
आमचा कार्यक्रम बारीक येतो.
पण मागे कोण ओरडतंय?

माझ्याकडची प्रत लावली. पेन्सिल घालून फीत मागे घेतली,
परत लावली.
टिटवी.
अकराच्या अकरा मिनिटं, खाजनावरून येरझाऱ्या घालत.
मी त्यांचं ऐकत होते, ती मला ऐकूच आली नव्हती.
रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, असं इथे धरतात.
तिथे त्या डोंगराखाली
हेडफोन लावून कुणीतरी तिला पुन्हा पुन्हा ऐकलं असेल,
खिडकीबाहेर बघितलं असेल.

उत्तर लिहिलं. पोस्टात टाकलं.
नाव: टिटवी. ठिकाण: मानशीजवळचा बांध.
पाच पाच पाच पाच पाच.

आठ एकावन्नला वीज येते.
गाव टाळ्या वाजवतं.
आकडे वाचणारी बाई
नेमकी शून्यावर असते.