पावलांचं काम

पडद्यावर कुणी चाललं
की इथं मी चालायचं, असं माझं काम.
हैदराबादेत, कृष्णानगरच्या एका गल्लीत,
तळघरातल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत.
जुन्या कॅसेटींच्या फितींचा ढीग तुडवला की गवत होतं,
ओलं फडकं दाबलं की चिखल,
दोन करवंट्या म्हणजे बैलजोडी.
करवंट्या मात्र गावच्या, आईनं धाडलेल्या.
तिला वाटतं, मी त्यात काहीतरी वाढून खातो.

यंदाचा सिनेमा आमच्याच गोदावरीकडचा.
दोन भाऊ. एक केळीच्या बागेत,
एक चौदाव्या मजल्यावर.
मधे बापाची खुर्ची, सात एकर,
आणि जावाजावांचं न बोलणं.
शेवटी संक्रांत, शेवटी सगळे एका अंगणात.
असं होत नाही,
पण होताना बघायला लोक पैसे देतात.

त्यातली आई पूतरेकुलू करते.
उपड्या मडक्याखाली जाळ,
तांदळाच्या पिठात बुडवलेलं फडकं वरून एकदाच फिरवायचं,
की कागदाहून पातळ पापुद्रा सुटून येतो.
मी बटर पेपर चुरगाळून पाहिला, कांद्याची सालं पाहिली.
दिग्दर्शक पद्मनाभम म्हणाले, हे तर ऑफिस वाटतंय.
मग आईलाच फोन लावला,
म्हटलं, मडक्याजवळ धर आणि गप्प राहा.
ती त्या चर्रर्रच्या वरताण ओरडत राहिली:
वीरभद्रमची सून बंगळुरूला गेली,
म्हशीच्या कासेला गाठ आलीय,
तू जेवलास का.
चर्र तेवढं कापून घेतलं.
बाकीचं एका फायलीत आहे.
फायलीला अजून नाव दिलेलं नाही.

मग तो प्रसंग.
धाकटा बारा वर्षांनी घरी येतो,
फाटकाशी बूट काढतो,
मुग्गूच्या रेघा चुकवत अनवाणी अंगण ओलांडतो.
पडद्यावर नुसते पाय.
तेही हिरोचे नव्हेत, त्याचे उन्हात भाजले,
म्हणून कुणा लाईटवाल्या पोराचे.
मी वाळूत माती कालवली, थोडं शेण,
(स्टुडिओचा मालक त्यावरून भांडला)
आणि चाललो.
त्या दुपारी अकरा वेळा घरी गेलो,
दहा फुटांच्या खोक्यात.
आठव्या खेपेला दमलो
आणि डावा पाय जरा ओढला गेला,
सातवीत माडावरून पडलो तेव्हापासूनचा.
पद्मनाभम काचेपलीकडून म्हणाले, आठवा ठेवा.

रावुलपालेमच्या थिएटरात
आई सहा बायकांबरोबर ऑटोतून गेली.
रात्री फोन आला.
गोष्ट बरी आहे म्हणाली.
त्या बाईला फडकं धरता येत नाही.
हिरो म्हणजे कोवळी काकडी.
मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
‘पाय वाजले तशी मी उठले रे.
अंधारात तांब्या शोधत होते,
पाय धुवायला पाणी द्यायचं म्हणून.
मागचे ओरडले, बसा, बसा.
आदिलक्ष्मीनं पदर धरून खाली ओढलं.’

मी म्हणालो,
संक्रांतीच्या गाड्या आत्ताच भरल्यात, अम्मा.
मी बघितल्याच नव्हत्या.

आता अमेरिकेतला सिनेमा आलाय.
दहा किलो कॉर्नफ्लॉवर आणलं,
पिशवीत भरून तुडवलं की बर्फ होतो.
करकरीत होतो, खरं तर बर्फाहून बरा,
म्हणजे ज्यांनी पाहिलाय ते म्हणतात.
यंत्रावर बसणारा नवा मुलगा हेडफोन काढतो,
‘सर, एक पाय घासतोय. पुन्हा घेऊ?’

राहू दे, म्हणतो मी.
ती हाही बघायला जाईल.