बारा भिंती

लाइन बझारात अकरा घरांची एक ओळ आहे.
एकच कौलारू पाठ, एकच जोतं,
काळ्या दगडाचं, गुडघ्याएवढं.
सुटी सुटी बांधली असती
तर बावीस बाजूभिंती लागल्या असत्या.
इथं बाराच.

टेप धरायला मी दस्तगीरचाचांना नेलं.
ते टेपकडं बघतच नाहीत.
ओळंबा सोडतात, एक डोळा मिटतात:
"लिव्ह. पाव इंच पूर्वेला.
आकराच्या आकरा, मिळून."

नकाशा कुणा गोऱ्या इंजिनिअरचा.
त्याच्या गावी अशीच ओळ असणार, उतारावर, धुक्यात,
कारण प्रत्येक घराला त्यानं धुराडं दिलंय
आणि बैठकीत शेकोटीचा कोनाडा.
कोल्हापुरात शेकायचं काय?
पहिल्याच वर्षी कुणाचे देव बसले त्यात,
मिस्किनांची शिलाई मशीन,
आणि आठ नंबरात आता टीव्ही,
केबल धुराड्यातून खाली आलेली.
पारवे मात्र नकाशाप्रमाणे राहतात.

चुन्यात गूळ आहे.
चाचांनी नखानं खरवडून जिभेवर ठेवला,
थुंकले नाहीत.
"हितलाच. मुंग्या अजून येत्यात बघ,
पाच अन् सहाच्या मधनं."
त्या कुठल्या घरच्या
हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही.

मला बोलावलंय सहा नंबरच्या पारिसा आवटींनी.
घर पाडून तीन मजले चढवायचेत.
जावई पुण्याहून यायला तयार नाही,
म्हणतो, गाडी कुठं लावू?
कागदावर सोपं आहे, दोन रेघा खोडायच्या.
पण रेघ अठरा इंच जाड,
नऊ इकडं, नऊ तिकडं,
आणि मधे ज्या दगडाचं तोंड दोन्ही घरांत निघतं
तो कुणाच्या नऊत धरायचा?
पाचात खिळा ठोकला
की सहातलं कॅलेंडर हलतं.
तुळया तर विचारूच नका,
एकीच्या खांद्यावर दुसरी,
फणसाच्या गऱ्यांसारखी घरं बसलीत.

"मॅडम," आवटी म्हणाले,
"माझं घर कुठं संपतं
तेवढं दाखवा, बास."

मी भिंतीवर तळवा टेकला.
पलीकडं कुणीतरी लसूण ठेचत होतं.
ठोके हाताला लागत होते,
मनगटापर्यंत.
चाचा ओळंब्याची दोरी गुंडाळत होते.
मी पेन्सिलीनं खूण करायला म्हणून
दोनदा टकटक केलं.

लसूण थांबला.
"कोण हाय?"
बाईचा आवाज, चुन्यातून आलेला, जरा गोडसर.

आवटींनीच उत्तर दिलं,
माझ्याकडं न बघता, सवयीनं:
"आम्हीच."