लांबचा, जवळचा

नोव्हेंबर. सेदिसफ्योर्दुरच्या डोंगराआड गेलेला सूर्य
आता फेब्रुवारीशिवाय यायचा नाही.
मासळीच्या कारखान्यात, वरच्या खोलीत
थोर्गेर्दुर डेटाबेसच्या व्याख्या लिहीत बसली आहे.

जवळचा: याच इमारतीत, जिन्याखाली.
त्याच्या पंख्याची घरघर तळपायांना कळते.
त्याला पत्ता लागत नाही, नुसतं नाव पुरतं,
घरातल्या माणसाला हाक मारावी तसं.

लांबचा: समुद्रापलीकडे, फेरो बेटांवर.
त्याचं सगळं विचारून घ्यावं लागतं,
होस्ट, पोर्ट, वापरकर्ता, पासवर्ड,
आणि किती सेकंद वाट पाहून नाद सोडायचा.
तिने तीस लिहिले.
मग साठ केले.

जोडणी तपासली. नकार.
फोनवर हानुस म्हणाला, "मला रिमोट का लिहितेस?
मी तर इथेच आहे."
त्याच्या पडद्यावर तिचा कारखाना लांबचा,
त्याच्या जिन्याखालची घरघर जवळची.
हसता हसता दिसलं,
पोर्टचे दोन आकडे उलटसुलट पडलेत.

बांगड्याच्या बाराशे पेट्या
समुद्राच्या तळावरून, न भिजता,
इकडच्या तक्त्यात उतरल्या.

यादीत तळाशी एक जुनी व्याख्या आहे, शेटलंडची.
ते गोदाम बंद पडून चार वर्षं झाली.
तिथला गिल्बर्ट काम संपलं की विचारायचा,
"तिकडे वारं कसंय?"

पुसायची का? सॉफ्टवेअर विचारतं.
ती 'नाही' दाबते
आणि कॉफी आणायला जिना उतरते.