मीटर

रात्री नऊला मॉडेल शिकायला बसवलं:
बेडूक ओळखायला.
कणकुंबीत तीन महिने, गमबूट घालून, जळवा झटकत
मीच भरून आणलेले आवाज.

हिरेमठ मॅडम म्हणाल्या, अचूकता बरी आहे,
पण एवढं शिकायला त्यानं खाल्लं किती?
प्रबंधात तो रकाना कुठाय?

म्हणून जिन्याखाली,
कोळिष्टकं बाजूला करत
वॉचमन भरमाण्णा आकडे वाचतो कन्नडमधून,
मी लिहून घेते मराठीत.
सकाळी परत. मग वजाबाकी.

'कुणाचं गे बिल हे?'
'बेडकांचं.'
तो हसला नाही.
'मच्छेत आमच्या घरामागं डबरं होतं की.
रात्रभर झोपू देत न्हवती.
प्लॉट पाडले, मग गप्प.'

मॉडेलकडे गप्प राहण्यासाठी एकच खूण आहे,
शून्य.
थंडीत मातीखाली निजलेलं तळं
आणि वर मुरूम पडलेलं तळं
त्याला सारखंच.

रकान्यात लिहिलं: एकतीस युनिट.
खाली पेन्सिलीनं: मच्छेचं डबरं, एक.

मॅडमनी ते खोडलं नाही.
चष्मा काढला, पुसला,
आणि विचारलं,
हे कुठल्या एककात मोजलंस?