उणे चाळीस

सोहारच्या सनाइयात दुपारी दीड वाजता
पान्याला हात लावायचा तर आधी त्यावर पाणी ओतावं लागतं,
आणि सालिमची पिकअप म्हणते, उणे चाळीस.

स्कॅनर मी काढून पुन्हा लावला.
उणे चाळीस.
इंजिनाला वाटतंय आपण बर्फात उभे आहोत,
म्हणून पेट्रोल पितंय अधाशासारखं,
मागून काळा धूर.
पण कुठंतरी स्वतःवरच संशय आहे त्याला,
म्हणून पंखा सुटलाय पुढं,
थांबायचं नाव नाही.

सालिम मासळी वाहतो, शिनासहून इथवर.
आकडा बघून हसला:
"मग मी बर्फ कशाला विकत घेतो?"
हसला खरा,
पण मागच्या पेट्यांतून पाणी ठिबकत होतं
आणि त्याचा एक कान तिकडंच होता.

दोन सेन्सर बदलून आलाय तो,
एक बर्क्यात, एक लिव्यात.
जुना आणि त्यानंतरचा, दोघेही डॅशबोर्डवर,
पडलेल्या दाढांसारखे.
मी त्याच्याच पेटीतला बर्फ चहाच्या पातेल्यात घेतला,
दोघांना त्यात बुडवलं, मीटर लावला, खाली शेगडी.
पाणी तापत गेलं तसे ओहम उतरत गेले,
पाच हजार, अडीच, बाराशे, सहाशे,
उकळीच्या अलीकडं तीनशे.
दोघेही खरं बोलत होते.
दोघांनाही कुणी पाणी पाजून विचारलं नव्हतं.

मग सॉकेट उपसलं. दोन वायरी.
तारेचा तुकडा घेऊन दोन्ही पिना जोडल्या.
आता आकडा वर उडायला हवा, आग लागल्यासारखा.
उणे चाळीस.
म्हणजे भांडण सेन्सरशी नाहीच, रस्त्याशी आहे.
पिवळीवर पाच व्होल्ट,
आमच्या पगारापेक्षा वक्तशीर.
काळी मात्र परत कुठंच पोचत नाही.

शफीकुल, बॅटरी धर. माझ्या डोळ्यात नको, खाली.

काळी टेप सोडवत जायचं म्हणजे
कुणाच्या तरी जुन्या जखमेची पट्टी काढणं,
चिकट, आणि घाई चालत नाही.
डोक्यात तोवर भलतंच सुरू होतं.
आई दर शुक्रवारी विचारते, फार उकडतं का रे तिथं?
छे, मी म्हणतो, एसी आहे.
सहा वर्षं झाली, माझा आकडा हलला नाही.

मेनिफोल्डच्या पट्टीमागं ती वळते, तिथं आलो.
वरून साबूत. ना ओरखडा, ना जळल्याचा डाग.
चिमटीत धरून हलकेच ओढली.
तांबं असं ताणत नाही, हे बोटांना कळतं.
ही ताणली,
लाडू वळताना पाक ताणावा तशी लांब होत गेली,
कारण आत कुणीच नव्हतं.
सोलली तर चिमूटभर हिरवी पूड,
खाऱ्या हवेनं खाऊन ठेवलेली.

दोन इंच कापली. नवी जोडली. डाख दिला.
वरून नळी चढवून लायटरनं आवळली.
शफीकुलला म्हटलं, मार चावी.

सत्त्याऐंशी.

आणि पंखा थांबला.
तो थांबल्यावर कळलं किती वेळ ओरडत होता.
पलीकडच्या डेंटिंगवाल्याची शिंक ऐकू आली,
मशिदीच्या नळाची धार,
सालिमच्या पेटीतलं ठिबक ठिबक.

पैसे मी सांगितले त्याहून त्यानं दोन रियाल जास्त दिले
आणि कागदात एक सुरमई,
जिचे डोळे अजून लख्ख होते.
डॅशबोर्डकडं बोट दाखवून म्हणाला, कहरबाई,
ते दोन मुर्दे फेकून दे.

फेकले नाहीत.
टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहेत, फडक्यात गुंडाळून.
कुणाला लागले तर सांगा.
चांगले आहेत.